उष्णता पुरली असती, दादा

दादा,

तुझ्या तेराव्याला आलेल्या माणसांनी तुझी इतकी स्तुती केली की मला मधूनच उठून जावंसं वाटलं. मामा हात धुता धुता म्हणाले, "सुधीर काळाच्या पुढे होता." आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. याच मामांनी मागच्या वर्षी मला फोन करून सांगितलं होतं, "तेका आवर गो, डोक्यार परिणाम झालो हा तेच्या. करवंट्यो जाळून कोण वीज करता?" माझ्या हातात भाताचं पातेलं होतं आणि वहिनी समोर बसली होती, म्हणून गप्प बसले. नाहीतर तिथेच विचारणार होते, की मामा, पुढे होता तर तुम्ही सगळे मागे का उभे होतात?

तू असतास तर काहीच बोलला नसतास. मामांना अजून एक वडा वाढला असतास. तुझ्या या सोडून देण्याचा मला आयुष्यभर राग आला. जगाला सोडून द्यायचं आणि भांडायला मात्र धाकटी बहीण. आता भांडण अर्धं टाकून निघून गेलास, म्हणून हे लिहायला बसलेय. वहिनी म्हणाली, "मनात ठेवू नकोस, लिहून काढ." तिला वाटलं मी आठवणी लिहीन. मी भांडतेय.

सगळं माझ्या किचनमधून सुरू झालं. मुलुंडला जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या तळमजल्याच्या गाळ्यात मी मालवणी जेवणाचे डबे करते, हे आपल्या सगळ्यांना माहीत होतं, पण तू आत पाय ठेवला नव्हतास. तुझं साकीनाक्याचं वर्कशॉप, त्यातलं लेथ, वेल्डिंग आणि जोडीला सलीमभाई, एवढंच तुझं जग. त्या दिवशी माझी इलेक्ट्रिक खवणी जळली म्हणून तुला बोलावलं. खवणी दुरुस्त केलीस, चहा प्यायलास आणि मागच्या दारात उभा राहिलास. तिथे करवंट्यांची पोती होती. आमच्याकडे रोज वाटण, रोज सोलकढी. नारळ किती लागतात ते विचारू नकोस.

"हे कुठे जातं?" तू विचारलंस.

"कचऱ्याच्या गाडीत. पुढे देवनारला जात असेल."

"आणि तू सिलिंडर आणतेस."

"मग काय करू? बारा बायकांचं किचन करवंट्यांवर चालवू?"

"चालेल," तू म्हणालास. "भात शिजेल. वर मिक्सरपण फिरेल."

मी हसले. तू हसला नाहीस. एक करवंटी उचलून नखाने खरवडत राहिलास. बाबा गिरणीत बॉयलरवर होते, तेव्हा कोळशाचा तुकडा हातात घेऊन तो कसा जळेल ते बघायचे, अगदी तसा. मला तेव्हाच कळायला हवं होतं की माझ्या मागच्या अंगणाची आता वाट लागणार.

लोक मला अजून विचारतात, तो नक्की काय करत होता? मी तुझ्याच शब्दांत सांगते. करवंट्या मोकळ्यावर पेटवल्या तर जळून राख होतात. त्याच बंद पिंपात, पुरेशी हवा न देता, धगीवर ठेवल्या तर त्यांच्यातून जळणारा वायू निघतो. तो वायू थेट पेटवला की चूल. थंड करून, गाळून इंजिनात सोडला की इंजिन फिरतं, त्याला जोडलेला जनरेटर फिरतो आणि वीज मिळते. इंजिन तापतं, त्या तापावर पाणी गरम होतं. नाव गॅसिफायर, पण माझ्या बायका त्याला भट्टीच म्हणायच्या आणि शेवटी तूसुद्धा भट्टीच म्हणायला लागलास.

पहिल्यांदा ती चालली तो दिवस मी विसरणार नाही. कबूल करते, मला वाटलं नव्हतं. जुन्या टेम्पोचं इंजिन, गाळणीसाठी लाकडाचा भुसा भरलेला ड्रम, पाईप कुठून कुठे जातायत ते तुला आणि सलीमभाईंनाच ठाऊक. सुरुवातीला पांढरा धूर आला, सगळ्या बायका पदर नाकाला लावून उभ्या. मग तू पाईपच्या तोंडाशी पेटती काडी धरलीस आणि फिकट निळी ज्योत उभी राहिली. इंजिनाने दोन आचके दिले, बंद पडलं, पुन्हा आचके दिले आणि चालायला लागलं. तू ओरडलास, "शोभा, मिक्सर लाव." शोभा माझी मुख्य स्वयंपाकीण, कशालाच न घाबरणारी. तिने बटण दाबलं. मिक्सरमध्ये खोबरं फिरायला लागलं. त्याच नारळांच्या करवंट्या बाहेर पिंपात जळत होत्या आणि आत त्यांचंच खोबरं वाटलं जात होतं. तू दारात उभा राहून नुसता बघत होतास. बाबा गेल्यापासून तुझ्या तोंडावर तसं काही मी पाहिलं नव्हतं.

त्या दिवसासाठी मी तुझी ऋणी आहे. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण पुढच्याच आठवड्यापासून आपलं भांडण सुरू झालं.

भांडण डांबरावरून. करवंट्यांच्या वायूत डांबर असतं, काळं आणि चिकट. ते इंजिनात गेलं की झडपा चिकटतात. मग तू दर रविवारी सकाळी स्कूटरवरून यायचास, इंजिन उघडायचास, रॉकेल मिळत नाही म्हणून डिझेलने सगळं धुवायचास आणि दुपारी काळे हात घेऊन माझ्याकडे जेवायला बसायचास. वहिनी रविवारी घरी वाट बघायची. तिच्या बहिणीच्या मुलाच्या साखरपुड्याला तू त्या इंजिनापायी उशिरा पोचलास आणि तिने मला फोन केला, तुला नाही. "वंदना, तुझ्या किचनमध्ये माझा नवरा राहायला आलाय का?"

मी तुला म्हटलं, "दादा, इंजिन काढ. नुसती उष्णता दे. माझं सगळं काम उष्णतेचं आहे. भात, उसळ, वड्यांचं तेल. विजेचं बिल मी भरते."

"उष्णता काय, साधी चूलही देते."

"चूल धूर देते. तुझी ज्योत धूर देत नाही. आणि तूच म्हणालास ना, वायू थेट पेटवला तर डांबर त्यातच जळून जातं. मग गाळायला नको, धुवायला नको. भानगडच नाही."

"वंदे, उष्णता देणारे खूप आहेत. वीज झाली की लोक बघतात. वीज झाली की उद्या इस्टेटमधले बाकीचे गाळे येतील, शेजारचा बेकरीवाला येईल."

"कोण येणार आहे? मामा?"

तू चिडलास की बोलायचं थांबायचास. मग पाना आपटायचास. तो रविवारही पाना आपटण्यात गेला.

मी बरोबर होते, दादा. हे मी आत्ता तू नाहीस म्हणून म्हणत नाहीये. तेव्हाही म्हणत होते. उष्णता पुरली असती. तुला दोन्ही हवं होतं आणि दोन्हीच्या नादात ना धड हे राहिलं ना ते.

मग तो पावसातला दिवस. मुसळधार लागला होता, म्हणून बायकांनी भट्टीच्या शेडला चारी बाजूंनी ताडपत्री बांधली. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं, करवंट्या भिजू नयेत एवढंच. भट्टीच्या झाकणाचं सील जळत आलं होतं आणि ते तुला माहीत होतं. तू रविवारी बदलणार होतास. बंद ताडपत्रीच्या आत तो वायू साठला. त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे तूच आम्हाला शिकवलं होतंस. शोभा पोतं आणायला आत गेली आणि परत आली नाही.

मी ताडपत्री फाडून आत गेले तेव्हा ती करवंट्यांवर आडवी पडलेली होती. दोघींनी तिला ओढत बाहेर पावसात आणलं. रिक्षावाला भला, सिग्नल तोडत नेलं त्याने. हॉस्पिटलात ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले अजून थोडा वेळ गेला असता तर कठीण होतं. संध्याकाळपर्यंत ती बोलायला लागली. पहिली गोष्ट तिने विचारली ती उसळ खाली उतरवली का.

तू साकीनाक्याहून भिजत आलास. बाकावर बसलास. मी तुला सगळ्यांसमोर बोलले. काय काय बोलले ते आठवतंय आणि त्यातला एक शब्दही मी परत घेणार नाही. शोभाला दोन मुली आहेत. तिचा नवरा नाही. सील बदलायला रविवार कशाला लागतो? "ते उचल आणि घेऊन जा," मी म्हटलं. "मला तुझी वीज नको, उष्णताही नको."

"उचलतो," तू म्हणालास.

एवढंच. दुसऱ्या दिवशी सलीमभाई टेम्पो घेऊन आले, सगळं खोलून नेलं. नंतर बरेच दिवस तू फोन केला नाहीस. मीही केला नाही. वहिनी मध्येच कधीतरी सांगायची, "जेवत नाही नीट, वर्कशॉपलाच असतो." तू भांडुपच्या टेकडीवर शोभाच्या घरी गेला होतास, हे मला खूप नंतर शोभाकडून कळलं. तिच्या मुलींसमोर खाली बसून म्हणालास म्हणे, "चूक माझी होती. तुमच्या आईची नव्हती, ताडपत्री बांधणाऱ्यांची पण नव्हती." शोभा म्हणाली, "ताई, मलाच कसंतरी झालं. मी चहा टाकला, तर घोट घोट पीत बसले, उठेचनात."

हे मला का नाही सांगितलंस? माझ्याशी निदान एवढं बोलला असतास तर ते दिवस असे गेले नसते. पण नाही. जे बोलायचं ते शोभाशी, आणि माझ्यासमोर फक्त पाना आपटणं.

दिवाळीनंतर तू आलास. भट्टी नवी होती. झाकणाला दोन सीलं, वर पत्रा, बाजूंनी काहीच नाही, ताडपत्री अडकवायला जागाच ठेवली नव्हती. हवा आत ढकलणारा पंखा काढून वायू बाहेर ओढणारा लावलास, म्हणजे कुठे भोक पडलं तरी वायू बाहेर येण्याऐवजी हवा आत जाईल. खांबावर एक पांढरी डबी, वायू जमला की शिट्टी देणारी. मी काहीच म्हटलं नव्हतं, तरी तू म्हणालास, "आधी शोभाला दाखव. ती हो म्हणाली तर ठेवू." शोभाने सगळीकडून फिरून पाहिलं, शिट्टी वाजवून घेतली आणि म्हणाली, "ठेवा."

ती भट्टी खरंच चांगली चालली. मी तेव्हा कौतुक केलं नाही, आता करते. डांबर कमी झालं, तुझे रविवारही थोडे सुटले. सकाळी मिक्सर, खवणी, एक्झॉस्टचे पंखे तिच्यावर चालायचे, भांडी घासायला गरम पाणी मिळायचं. पिंपाच्या तळाशी उरलेला कोळसा इस्टेटमधला इस्त्रीवाला घेऊन जायचा. करवंट्यांचं पोतं कचऱ्याच्या गाडीत टाकलं नाही असे महिनेच्या महिने गेले.

आणि मग गाळ्यामागच्या रहिवासी टॉवरने तक्रार केली.

भट्टी पेटवताना सुरुवातीला थोडा वेळ धूर येतो, तेवढाच. त्याच टॉवरखाली रोज पाण्याचे टँकर डिझेलचा धूर सोडत उभे असतात, त्यांची तक्रार नाही. त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी आले, फोटो काढून गेले. मग तू परवानगीसाठी फिरलास. मी दोनदा तुझ्याबरोबर आले, म्हणून मला माहीत आहे. एका ऑफिसात म्हणाले हा बॉयलर आहे, दुसरीकडे जा. दुसरीकडे म्हणाले हा बॉयलर नाही, हा जनरेटर आहे. तिसरीकडे म्हणाले, जनरेटर डिझेलचा असतो, गॅसचा असतो, करवंट्यांचा आमच्याकडे नाही. एक तरुण अधिकारी स्वतः बघायला आला. चांगला होता. सगळं नीट विचारलं, सोलकढी प्यायला, फोटो काढले, म्हणाला, "सर, फारच छान आहे." तू इतका खूश झालास. "मग लिहून द्याल?" तू विचारलंस. तो म्हणाला, "लिहून नाही देता येणार. पण चालू ठेवा."

चालू ठेवा. त्या दोन शब्दांवर आपण चालू ठेवलं. उद्या कोणी बंद करा म्हटलं तर दाखवायला हातात काय होतं?

मला तुझ्यावर सगळ्यात जास्त राग आला तो ऑक्टोबरातल्या त्या दुपारी. इस्टेटचा आणि टॉवरचा ट्रान्सफॉर्मर एकदमच गेला. उकाडा असा की उभं राहवत नव्हतं. आपले पंखे मात्र चालू होते. टॉवरचे तेच सेक्रेटरी घाम पुसत मागच्या दाराशी आले. त्यांच्या आईला श्वासाचं दुखणं, घरात ऑक्सिजनचं मशीन, त्याची बॅटरी संपत आलेली. जनरेटर भाड्याने सांगितलाय पण तो रस्त्यात अडकलाय. "थोडा वेळ लाईन मिळेल का?"

मी तुला बाजूला घेतलं. "दादा, आधी तक्रार मागे घेतो म्हणून लिहून घे. आत्ताच घे. पुन्हा असा येणार नाही हा माणूस."

"आजारी बाईच्या श्वासावर सही घेऊ?"

"श्वास देऊच ना आपण. देताना सही घे, एवढंच म्हणतेय."

"नको, वंदे."

"अरे, तो घेणारा माणूस आहे, देणारा नाही."

"मग तो तसा राहू दे."

तू वायर ओढलीस, मध्ये स्टॅबिलायझर लावलास, त्यांच्या तळमजल्यावरच्या खोलीत म्हातारीला आणून बसवायला सांगितलंस. जनरेटर येईपर्यंत करवंट्या टाकत भट्टीच्या शेजारून हलला नाहीस. म्हातारी खिडकीतून तुला हात जोडत होती. सेक्रेटरींनी तुझा हात दोन्ही हातांत धरला. मी म्हटलं, बघू.

महिन्याभरात इस्टेटच्या असोसिएशनची नोटीस आली, भट्टी बंद करा. टॉवरच्या तक्रारीवरून. मी सेक्रेटरींना फोन केला. ते म्हणाले, "ताई, माझं वैयक्तिक काहीच नाही. पण मीटिंगमध्ये मेजॉरिटी होती."

मी फोन ठेवून तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं निदान आता म्हणशील, वंदे, तुझं खरं होतं. तू म्हणालास, "त्याची आई कशी आहे, विचारलंस का?"

दादा, या एका वाक्यासाठी मी तुला माफ करू शकत नाही. आणि हेच वाक्य तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला ओरडून सांगावंसं वाटत होतं. काळाच्या पुढचा वगैरे सोडा, असा होता हा माणूस. हे दोन्ही माझ्या मनात एकाच वेळी कसं राहतं, मला कळत नाही.

भट्टी पुन्हा साकीनाक्याला गेली. त्यानंतर तू बारीक झालास. जिना चढताना थांबायला लागलास, डाव्या खांद्याला बाम चोळायचास. विचारलं की ॲसिडिटी. मी हार्टच्या डॉक्टरांची वेळ घेतली. माझी किती खटपट झाली त्या वेळेसाठी. त्या सकाळी तुझा फोन आला, "आज नको, पुढच्या आठवड्यात जाऊ. सेकंडहँड इंजिन येतंय, टेम्पो आज उतरवायचाय." मी म्हटलं, "इंजिन उद्याही उतरेल." तू म्हणालास, "डॉक्टर पण उद्या आहेतच की."

पुढचा आठवडा आला नाही. सलीमभाईंचा फोन आला तेव्हा मी डबे भरत होते. "ताई, जल्दी या. सुधीरभाई खाली बसले ते उठत नाहीयेत." रिक्षा साकीनाक्याच्या जंक्शनला अडकली. मी उतरून पळत गेले. पोचले तेव्हा ते तुला हॉस्पिटलात घेऊन गेले होते, आणि हॉस्पिटलात पोचले तेव्हा डॉक्टर वहिनीशी बोलत होते. तिच्या खांद्यावरची पर्स सरकून कोपरावर आली होती. तिला ते कळलंही नव्हतं.

तुझ्यासाठी मी वहिनीसमोर रडले नाही. ती म्हणाली, "तू तरी त्याला ओरडायचीस. मी नुसती थांबायचे." मला वाटत होतं उलट आहे, तिचं थांबणं तुला जास्त कळायचं. पण ते बोलायची वेळ नव्हती.

तेरावं झाल्यावर वहिनी आणि मी वर्कशॉपला गेलो. जागा आता सलीमभाई सांभाळणार आहेत, तुझं सामान काय करायचं ते बघायचं होतं. मला वाटलं ते सेकंडहँड इंजिन मध्यभागी असेल. ते कोपऱ्यात होतं, प्लॅस्टिकखाली, उघडलेलंही नव्हतं. मध्यभागी दुसरंच काही उभं होतं. बुटकं, रुंद पिंप, वर जाड लोखंडी कडं. मी त्या कड्यावर हात ठेवला आणि मला कळलं. माझं मोठं भाताचं पातेलं त्यात बसतं. उंचीही तीच, शोभा उसळ ढवळते ती.

"हे काय आहे?" मी विचारलं, तरी.

"चूल आहे," सलीमभाई म्हणाले. "नुसती चूल. इंजिन नाही, फिल्टर नाही. करवंटी टाका, वर ज्योत, बस. धूर पण नाही, सुरुवातीला पण नाही. त्याच्यावरच किती दिवस काढले त्यांनी."

"मला का नाही सांगितलं?"

"मना केलेलं. बोलले, तिला कळलं तर जिंकली म्हणून नाचेल. चालू करूनच दाखवू."

वहिनी बाकावर बसून हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मला दोन्ही जमलं नाही. मला फक्त राग आला. एवढं भांडून, एवढे रविवार घालवून, शेवटी माझं ऐकलंस आणि ते मला कळूही दिलं नाहीस. मी जिंकले तेव्हा समोर कोणीच नव्हतं.

मग मी पिंपाच्या मागच्या बाजूला गेले. तिथे एक आखूड पाईप बाहेर आलेला होता, टोकाला चकती, बोल्ट लावून बंद केलेली.

"हा कशाला?"

सलीमभाईंनी डोकं खाजवलं. "पुढेमागे इंजिन लावायचं असेल तर. चूल तीच राहणार, इथून वायू घ्यायचा, साफ करायचा, इंजिनला द्यायचा. सुधीरभाई बोलले, आत्ता बंद ठेव. तिने स्वतः विचारलं तर उघडू."

म्हणजे तू हरला नव्हतास. थांबला होतास फक्त. मी तिथे उभी राहून तुला मनातल्या मनात इतकं बोलले, दादा, की वहिनीने विचारलं, "काय पुटपुटतेस?"

सलीमभाई म्हणाले, "ताई, तुम्हाला नको असेल तर कापून टाकतो. दोन मिनिटांचं काम."

मी नको म्हटलं.

चूल काल मुलुंडला आली. साध्या चुलीला असोसिएशनने अजून तरी हरकत घेतलेली नाही. पहिला भात शिजला, बुडाला लागला नाही, खरोखर धूर आला नाही. टॉवरच्या एका बाल्कनीत कोणीतरी उभं होतं आणि त्यांना काही कळलंच नाही. दुपारी पातेलं उतरवताना शोभाला मागचा पाईप दिसला. तिने बोल्टवर बोट फिरवलं आणि विचारलं. मी तिला सगळं सांगितलं, तुझ्या इंजिनाचंसुद्धा. म्हटलं, तू नको म्हणालीस तर विषय संपला.

तिने बोल्ट हलवून पाहिला. मग म्हणाली, "लावूया, ताई. पण मला आधी सगळं खोलून जोडायला शिकवा. सील मी स्वतः बदलणार. रविवारपर्यंत थांबणार नाही."

शिकवायचं कोणी, दादा? मला येत नाही. मी सलीमभाईंना फोन लावला.